तिसरा ढीग

केशराला पहिलं पाणी उशिरा मिळालं की फूल उशिरा येतं, आणि येतं तेही रडतखडत. त्या वर्षी गुलबीबीच्या वावराचं तसंच झालं. शेजारपाजारची वावरं फुलून तोडून होत आली, बायका कंबर धरून बसायला लागल्या, तेव्हा कुठं हिच्या वाफ्यांतून जांभळी टोकं वर आली. आली तीही विरळ, म्हाताऱ्याच्या दातांसारखी.

पाणी उशिरा मिळालं, कारण ते आता तिचं राहिलं नव्हतं. डोंगराच्या पोटातून भुयारी पाटानं गावात पाणी येई आणि घराघरांत त्याच्या पाळ्या वाटलेल्या होत्या. त्यातली एक पाळी गुलबीबीला लग्नात नवऱ्याकडून मेहेर म्हणून मिळालेली. सोनंनाणं नव्हतंच तिच्या मेहेरात. होतं ते पाणी. गेल्या वर्षी तिनं ती पाळी दिराला, नौरोजला, विकली आणि पोरीला शेवटच्या वर्षाच्या शाळेसाठी मोठ्या शहरात, मशहदला, आत्याकडं पाठवलं. पोरगी डॉक्टर होणार होती. आता नौरोजची वावरं पोटभर पिऊन झाली की उरलंसुरलं पाणी इकडं वळायचं.

आणि पोरगी डॉक्टर काही झाली नाही. ती आईच्या मागच्या ओळीत उकिडवी बसून फुलं खुडत होती.

अजून सूर्य वर आला नव्हता. ढेकळांवर पांढरं दहिवर साचलं होतं, आणि त्यात बोटं घालून फुलाचा देठ चिमटीत धरायचा म्हणजे बोटं आपली आहेत की दुसऱ्याची हे कळत नसे. पण थांबून चालत नाही. ऊन लागलं की फूल उघडतं, आणि उघडलेलं फूल हातात चुरगाळतं. तिच्या नवऱ्याचा, बरातअलीचा, गुडघा वाकत नव्हता, म्हणून तो पोत्यावर बसून ढुंगणानं सरकत सरकत खुडायचा. पोत्याखाली चिखल गोठलेला असे. त्याची पाटलोण रोज ओली व्हायची आणि रोज तो म्हणायचा, आज जरा कमी गार आहे.

"आई, ही ओळ झाली," राझिया म्हणाली.

"झाली? मागं बघ. चार डोकी अजून उभी आहेत तुझी वाट बघत."

राझिया निमूट मागं फिरली. खुडताना तिचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटतेस गं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? हाडांची नावं घेत असेल. फुलं खुडायला बसलीय आणि डोक्यात हाडं."

"घेऊ दे की," बरातअली म्हणाला. "फुलांना तेवढंच शिक्षण."

"फुलांना शिकवून विद्यापीठात घेत असते तर आपलं गाढव आज डॉक्टर असतं!" गुलबीबीनं परडी पुढं सरकवली. तिची पाठ ताठली होती आणि पाठ ताठली की जीभ सैल सुटायची. "कुलसूमच्या ताहेरानं शेळ्या राखून अभ्यास केला. इथल्याच तालुक्याच्या शाळेत. गणितं सोडवायला तुझ्याकडं यायची ती, राझे. तुझ्याकडं! आज ती मशहदच्या वैद्यकीय विद्यापीठात पांढरा कोट घालून हिंडते. आणि तू मशहदचं अन्न खाऊन आलीस ती माझ्या मागं ढेकळं मोजायला."

राझिया काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नसे, आणि त्यानंच गुलबीबीचं डोकं जास्त फिरत असे. पोरीनं एकदा तरी भांडावं, ओरडावं, म्हणजे आपल्यालाही ओरडून मोकळं होता येईल. पण ही मान खाली घालून खुडत राहायची.

"नौरोजभावजींना सांगून ठेवलंय मी," गुलबीबी म्हणाली. "फुलं संपली की ते पोरींना घेऊन कारखान्यात जाणार आहेत, केशर निवडायला. तुलाही नेतील. थंडी संपेपर्यंत काम आहे."

आता मात्र राझियाचा हात थांबला. "थंडी संपेपर्यंत?"

"का, काही दुसरं काम आहे तुला?"

उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा विद्यापीठाच्या प्रवेशाची परीक्षा होती. साऱ्या देशाची पोरं एकाच वेळी बसतात ती. राझियाला अजून एकदा बसायचं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं. कारखान्यात दिवसभर दिव्याखाली मान घालून केशराच्या काड्या निवडल्यावर घरी आलेल्या पोरीला पुस्तक म्हणजे उशी, हे गुलबीबीलाही कळत होतं. पण एकदा सगळं विकून पाहिलं, आता विकायला काय राहिलंय? तिला खरंच दमायला झालं होतं. आशा धरायचीसुद्धा ताकद लागते आणि तीच संपली होती.

राझियानं पुढच्या फुलाला हात घातला.

फुलं घरी आली की त्याच दिवशी ती सोडवावी लागतात. ते काम सावडीनं चालायचं. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. त्या दुपारी गुलबीबीच्या घरी बायका बसल्या. मधे चादर, चादरीवर फुलांची रास, आणि भोवती गुडघ्याला गुडघा लावून बायका. फूल उचलायचं, नखानं देठ तोडायचा, लाल काड्या ताटलीत, पिवळे तंतू एका बाजूला, पाकळ्या मागं. तीन ढीग. बोटांची टोकं पिवळी होतात आणि महिनाभर जात नाहीत.

कुलसूम अगदी गुलबीबीच्या शेजारी बसली होती. वाईट बाई असती तर बरं झालं असतं. तिच्याशी दोन शब्द भांडून मोकळं होता आलं असतं. पण कुलसूम मायाळू होती.

"मनाला लावून घेऊ नकोस हो बाळ," ती राझियाला म्हणाली. "नशिबाच्या गोष्टी असतात. ताहेराचं होतं, झालं."

"मशहदला बाजार केवढे मोठे!" पलीकडून कुणीतरी म्हणालं. "आमची राझिया बाजारातच हरवली असेल."

बायका हसल्या. गुलबीबी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली. तिचा हा अनुभव होता, आपण आधी हसलो की दुसऱ्याचं हसणं कमी बोचतं. राझियाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती चहाची किटली घेऊन उठली आणि बाहेर गेली, ती लवकर आलीच नाही.

तेवढ्यात ताहेरा आली. विद्यापीठाला दोन दिवस सुट्टी होती. तिनं मशहदहून खडीसाखर आणली होती आणि आईनं तिला ती वाटायला पाठवलं होतं, घरोघर. बायकांनी जागा करून दिली, 'डॉक्टर आल्या, डॉक्टर आल्या' केलं. एकीनं तिथल्या तिथं हात पुढं करून नाडी बघायला सांगितली. ताहेरा हसली खरी, पण दारातून आत येताना तिनं आधी कोपऱ्याकोपऱ्यात बघून घेतलं होतं, राझिया आहे का.

गुलबीबीला आता थांबायला हवं होतं. पण दुखरा दात जिभेनं चाचपल्याशिवाय राहवत नाही. "ताहेराजान," ती म्हणाली, "आमच्या बाईसाहेबांना सांग जरा, अभ्यास कसा करतात ते. मशहदच्या शाळेत ते शिकवत नाहीत वाटतं."

"मावशी, असं नका ना बोलू."

"का गं?"

ताहेरा ताटलीतल्या काड्यांकडं बघत म्हणाली, "राझियाचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते."

मग कुलसूमनं कौतुकानं मान डोलावली आणि साऱ्याजणी एकदम बोलायला लागल्या. वा! डॉक्टर झाली तरी पोरीची रीत सुटली नाही. स्वतःला कमी म्हणावं, दुसऱ्याला मोठं म्हणावं, असं वळण हवं. कुलसूम, दूध चांगलं पाजलंस बाई.

खडीसाखरेचा पुडा चादरीच्या कडेला ठेवून ताहेरा उठली.

गुलबीबी चादरीवरून उठायची नाही खरं तर. गुडघे एकदा घडी घातले की उलगडायला रडवायचे. पण ती उठली. अंगणाच्या दाराशी, शेळ्यांसाठी पाकळ्या भरून ठेवलेल्या टोपलीपाशी, तिनं ताहेराला गाठलं.

"खरं सांग. ते रीतीनं बोललीस की खरंच?"

"खरंच."

"मग तुला घेतलं आणि तिला नाही, असं कसं?"

ताहेरानं मागं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, परीक्षा सगळ्यांची एकच असते. पण निकाल लावताना पोरांचे तीन ढीग करतात. मोठ्या शहरांच्या शाळांतली पोरं एका ढिगात, मधल्या गावांची दुसऱ्यात, आणि आपल्यासारखी, जिथं धड मास्तर नाहीत तिथली, तिसऱ्यात. प्रत्येक ढिगाला जागा वेगळ्या. पहिल्या ढिगातल्या पोरांना शिकवण्या असतात, सगळं असतं, म्हणून त्यांना जास्त गुण लागतात. आपल्याला कमी चालतात."

"बरं मग? राझिया आपल्यातलीच की."

"तुम्ही शेवटची तीन वर्षं कुठल्या शाळेत होता ते बघतात. त्यातलं एक वर्ष जरी मोठ्या शहरात काढलं, तरी पहिल्या ढिगात..." ताहेरानं टोपलीतल्या पाकळ्यांकडं बघितलं. पाकळ्यांत एक लाल काडी चुकून गेली होती. तिनं ती उचलली आणि गुलबीबीच्या तळहातावर ठेवली. "ती इथं राहिली असती तर माझ्याही पुढं असती, मावशी. मी तिला तोंड दाखवू शकत नाही."

ती गेली. गुलबीबी काडी हातात घेऊन उभी राहिली.

गेल्या वर्षी राझियाचा दाखला काढायला ती तालुक्याला गेली होती तेव्हा मुख्याध्यापिकाबाई स्वतः फाटकापर्यंत पोचवायला आल्या होत्या. म्हणाल्या, पोरीला नेऊ नका. तिचं नुकसान होईल. एकदा म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या, तिसऱ्यांदाही म्हणाल्या. आता या मुलखात उंबऱ्यावर उभं राहून तीनदा 'जाऊ नका' कोण म्हणत नाही? वाणीसुद्धा पैसे घेताना तीनदा 'राहू द्या हो' म्हणतो आणि मग मोजून घेतो. गुलबीबीनं रीतीला रीत दिली. तुमची सावली आमच्यावर राहो, तुमचे हात दुखू नयेत, तुमचे उपकार डोळ्यांवर. आणि दाखला पिशवीत घातला. बाई हात वर करून आणखी काही सांगत होत्या, विभाग की काय ते. पण बस सुटायला आली होती. शिवाय गुलबीबीला आत कुठंतरी वाटलंही होतं, हुशार पोरगी हातची जातेय म्हणून बाईंच्या पोटात दुखतंय.

त्या दुपारी नंतर गुलबीबीचे हात चुकायला लागले. पाकळ्या ताटलीत, काड्या मागं. कुलसूम म्हणाली, "दमलीस गं. जरा पाठ टेक." गुलबीबीनं पाठ टेकली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वावरात ती राझियाच्याच ओळीत शिरली. बरातअली पोत्यावर बराच पुढं सरकला होता. दोघी समोरासमोर खुडत एकमेकींकडं येत होत्या.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

राझियानं विचारलं नाही, काय म्हणून. "निकाल लागला त्या दिवसापासून. त्यात ढिगाचा आकडा असतो. एक लिहिलं होतं."

"आणि तू गप्प बसलीस? मी रोज तुला, चारचौघांत..." तिनं एक फूल खुडलं, ते चुरगाळलं गेलं.

"तू पाणी विकलं होतंस, आई."

"म्हणून?"

"तुला कळलं असतं तर तू बसलीच असतीस खाली. मला शिव्या दिल्यास तेव्हा निदान उभी तरी होतीस."

गुलबीबी खरोखरच खाली बसली, गोठलेल्या ढेकळांवर. अंगावरची चादर ओली व्हायला लागली. तिला वाटलं, या पोरीला जवळ घ्यावं. पण घरात तसं कुणी कुणाला घेत नसे आणि हात मातीनं भरले होते. "माझ्यामुळं," ती म्हणाली. "माझ्याच हातानं."

"तुला काय माहीत होतं? मलाही नव्हतं."

"बाईंनी सांगितलं होतं. फाटकात उभं राहून तीनदा सांगितलं होतं." तिनं नाक चादरीच्या टोकाला पुसलं. "मला वाटलं, रीत म्हणून सांगतायत."

राझियानं आईकडं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर राग दिसला, अगदी उघडा. गुलबीबीला तो बघून बरं वाटलं, इतकं की तिला स्वतःचीच लाज वाटली. मग तो रागही थकून गेला. पोरगी पुन्हा खुडायला लागली.

"आता पुन्हा बसलीस तरी त्याच ढिगात?"

"त्याच. ते आता बदलत नाही."

"मग?"

"मग शहरातल्या पोरांना मागं टाकावं लागेल. सगळ्यांना नाही. पुष्कळांना."

"टाकशील?"

राझियानं खरं सांगितलं. "ठाऊक नाही. थोडक्यात गेलं होतं. थंडीभर बसायला मिळालं असतं तर..." आणि ती थांबली, कारण ऊन डोंगरावरून उतरायला लागलं होतं आणि अर्ध्या ओळी बाकी होत्या.

फुलं त्याच आठवड्यात संपली. शेवटच्या दिवशी परडीचा तळसुद्धा झाकला नाही.

नौरोज सकाळी पिकअप घेऊन गल्लीत आला. मागं गावातल्या पोरी चादरी आवळून दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यानं भोंगा वाजवला. गुलबीबी फडक्यात नान आणि पनीर बांधून बाहेर आली आणि मागच्या फळीवर पाय ठेवला.

"अहो वहिनी! पोरगी कुठाय?"

"घरात."

"मग तुम्ही कुठं?"

"तिच्या जागी."

नौरोज खो खो हसला. "वहिनी, तिथं पोरी लागतात, डोळे असलेल्या. केसाएवढा कचरा काडीतून काढायचा असतो. तुम्हाला सुईत दोरा ओवायला पोरगी लागते. राहू द्या, घरी बसा."

"भावजी, माझं पाणी तुमच्या वावरात वाहतंय. मला निदान कारखान्यापर्यंत वाहून न्या."

नौरोजचं हसू बसलं. तो चांगला माणूस होता असं नाही, पण एवढं त्याला लागलं. कुलसूम भोंग्याचा आवाज ऐकून दारात आली होती. दोनतीन बायका भिंतीवरून वाकल्या होत्या. राझिया अंगणातून पळत आली, पायांत बापाचे बूट.

"आई, नको. मी जाते."

गुलबीबी फळीवर एक पाय ठेवून तशीच उभी राहिली आणि बायकांकडं वळली. "ऐका. माझी राझिया मशहदच्या बाजारात हरवली नव्हती. तिचे गुण ताहेरापेक्षा जास्त होते. मीच तिला इथल्या शाळेतून उचललं आणि चुकीच्या ढिगात टाकलं. शाळेतल्या बाई सांगत होत्या, मी ऐकलं नाही."

"अगं, असं काय बोलतेस," कुलसूम कळवळून म्हणाली. "तुझ्यासारखी आई..."

"रीत म्हणून बोलत नाहीये मी, कुलसूम. खरं बोलतेय. तुझी पोरगीही त्या दिवशी खरंच बोलत होती."

भिंतीवरची डोकी एकेक करून खाली गेली.

"आई, नको जाऊस," राझिया दुसऱ्यांदा म्हणाली. "तुझी पाठ... थंडीभर तिथं... आई, खरंच नको." तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिचा आवाज फुटला.

हे 'नको' रीतीचं नव्हतं, ते गुलबीबीला नीट कळलं. आता ती चुकणार नव्हती. तरीही ती वर चढली. एका पोरीनं हात दिला.

"पीठ भिजवून ठेवलंय," ती वरून म्हणाली. "तू हात लावू नकोस. तुझा बाप भाजेल."

"भाजतो," बरातअली दारातून म्हणाला. "काळं झालं तर खाल्लं पाहिजे मात्र."

"तू आत जा. बस जा!"

गाडी हलली तरी राझिया उभीच होती. मग बरातअलीनं तिच्या पाठीला हात लावून तिला आत नेलं, एवढं गुलबीबीला वळणापर्यंत दिसलं. पोरी तिच्याकडं चोरून बघत होत्या. रस्ताभर गाडी आदळत होती आणि प्रत्येक आदळ्याला तिच्या कंबरेतून कळ जात होती. आई गं म्हणायचं तिनं टाळलं.

कारखान्यात टेबलामागं एक तरुण बाई बसली होती, डोक्यावर पांढरं फडकं घट्ट बांधून. पोरी ओळीनं पुढं जात होत्या. ती प्रत्येकीच्या पुढ्यात ताटली सरकवायची, दोन चिमटी काड्या निवडून घ्यायची, डोळे आणि बोटं बघायची, आणि एक तर आत पाठवायची, नाहीतर बाकावर बसवायची. बाकावर दोघी आधीच रडवेल्या होऊन बसल्या होत्या.

गुलबीबीची पाळी आली. मागं हशा झाला. बाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पोरीला सोडायला आलात का?"

"नाही. मीच आलेय."

"डोळे?"

"आहेत दोन."

बाईला हसू आलं, तिनं ते दाबलं. ताटली पुढं सरकवायच्या आधी तिनं कागद ओढला. "नाव?"

"गुलबीबी."

"कुठल्या गावच्या?"

गावाचं नाव गुलबीबीच्या जिभेवर आलं होतं. जन्म झाला ते गाव, दिली ते गाव, जिथं पाणी होतं ते गाव. तिनं ते तसंच गिळलं. मागच्या पोरी पुढं सरकायला बघत होत्या. तिनं दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले, पिवळ्या बोटांचे, आणि वाकून हळूच विचारलं, "ताई, तुम्हीच सांगा. कुठलं सांगितलं तर घ्याल?"